अण्णांच्या किडनीतली पाण्याची गाठ: स्कॅन न करता कॅन्सर आहे की नाही कळतं का?

अकलूजची_लेक

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं मी इथे वाचनमात्र आहे, धागा आज पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ६८ वर्षांचे आहेत. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. साखर वीस वर्षांपासूनची, बीपी तिच्या मागोमाग आलं. गेलं वर्षभर क्रिएटिनिन २.४ ते २.६ च्या दरम्यान आहे, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते तो आकडा) २७. रात्री लघवीला चार-पाचदा उठावं लागतं म्हणून प्रोस्टेट बघायला सोनोग्राफी केली. प्रोस्टेट राहिलं बाजूला आणि रिपोर्टात वेगळंच काही आलं. डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला ४.८ बाय ४.२ सेंमीची कॉम्प्लेक्स सिस्ट, आत पडदे, त्यातला एक जाडसर, आणि खाली 'कॉन्ट्रास्ट सीटी करावा' असा सल्ला, म्हणजे शिरेतून डाय देऊन सीटी.

आता अण्णा सीटीला तयार नाहीत. त्यांच्या डेपोतल्या एका सोबत्याला 'डाय टाकल्यावर' डायलिसिस लागलं, हे त्यांनी मनात धरून ठेवलंय. "सुईनं पाणी काढा, रक्त घ्या, लघवी घ्या, काय ते त्यातच बघा. मशीनमध्ये मी जाणार नाही," असं म्हणतात. त्यात माझ्या चुलतभावाने काळजीपोटी एका लॅबचं 'कॅन्सर प्रोफाइल' करून आणलं, साडेचार हजाराचं. त्यात सीए १९-९ आलंय ६१, आणि कागदावर ३७ च्या वर लाल अक्षर. त्या लाल आकड्याने आईचं जेवण तुटलंय. लघवीत कॅन्सरच्या पेशी बघतात ती सायटॉलॉजीही केली. ती निगेटिव्ह आली, तर अण्णा म्हणतात, "बघ, सुटलो."

एक रिपोर्ट कॅन्सर म्हणतो, दुसरा नाही म्हणतो. स्कॅन न करता हे नक्की कळायचा काही मार्ग आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

पिंपळपार

ताई, इतकं घाबरू नका. माझ्या सासूबाईंच्या दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी आहेत, पंधरा वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, वय झालं की होतात, बघायचंसुद्धा नाही. त्या अजून शेतात जातात.

काचपट्टी

पिंपळपार, तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत डॉक्टरांनी बरोबरच सांगितलं. पन्नाशीनंतर साध्या सिस्ट फार जणांना असतात. पण 'साधी' म्हणजे पातळ भिंत, आत निवळ पाणी, पडदे नाहीत, कॅल्शियम नाही. अण्णांच्या रिपोर्टात पडदे लिहिलेत आणि त्यातला एक जाडसर आहे. त्यामुळे त्या अनुभवावर यांनी थांबू नये असं मला कळकळीने वाटतं.

अकलूजची लेक, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रक्त, लघवी, सुई, तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टी रोज माझ्या टेबलावर येतात, म्हणून जरा लांबण लावते.

आधी तो लाल आकडा. सीए १९-९ मुख्यतः स्वादुपिंडाच्या आणि पित्तमार्गाच्या कॅन्सरवर उपचार चालू असताना ते लागू पडताहेत का हे बघायला वापरतात. किडनीच्या गाठीचा निवाडा त्याने होत नाही. पित्तनलिकेत अडथळा असो, किडनी लघवी साठून फुगलेली असो, नुसती साखर ताब्यात नसो, हा आकडा चढतो. वीस वर्षांच्या मधुमेहात ६१ दिसणं नवलाचं नाही. तो आकडा डॉक्टरांना जरूर दाखवा, पोटाच्या तपासणीत ते स्वादुपिंड आणि पित्ताशय नजरेखालून घालतील. पण त्याचा किडनीशी सांधा जोडू नका, आणि आईंना आजच सांगा की या आकड्यापायी उपाशी राहायचं काही कारण नाही. प्रोस्टेटला पीएसए आहे, यकृताला एएफपी आहे. किडनीच्या कॅन्सरसाठी, ज्यावर डॉक्टर निर्णय घेऊ शकतील असा एकही रक्ताचा मार्कर आज रोजच्या वापरात नाही. असं असताना 'कॅन्सर प्रोफाइल' नावाने ही पाकिटं विकली जातात याचा मला मनापासून त्रास होतो. एका आकड्याने घर हादरतं, आणि सगळे आकडे काळे आले की खरा कॅन्सर असलेला माणूस निर्धास्त होतो. यातलं दुसरं जास्त घातक.

आता लघवी. लघवीत ज्या पेशी सुटून येतात त्या मूत्रवाहिनीच्या, मूत्राशयाच्या अस्तराच्या. सिस्ट असते किडनीच्या मांसात, चहूबाजूंनी बंद, तिचं तोंड लघवीच्या वाटेला उघडत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात ना, इथे तर पोहराच दुसऱ्या विहिरीत सोडलाय. लघवीची सायटॉलॉजी निगेटिव्ह आली यावरून मूत्राशयाबद्दल थोडंफार कळेल. अण्णांच्या गाठीबद्दल काहीच कळत नाही. "सुटलो" म्हणायला तो कागद पुरत नाही.

राहिली सुई. याबद्दल मला एक आठवण सांगायचीय, ओळख पटेल असा तपशील वगळून. एका बाईंच्या किडनीतल्या अशाच पडदेवाल्या सिस्टमधून ६० मिली पाणी काढून माझ्याकडे पाठवलं होतं, गोमूत्रासारखं पिवळट, थोडं गढूळ. सेंट्रिफ्यूज फिरवून तळाचा गाळ काचपट्टीवर पसरला, रंगवला. फेसाळलेल्या मॅक्रोफेज म्हणजे साफसफाई करणाऱ्या पेशी आणि जुन्या रक्ताचे तपकिरी कण, बाकी सगळं रिकामं. मी लिहिलं, 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत.' ते वाक्य शब्दशः खरं होतं. घरच्यांनी ते 'कॅन्सर नाही' असं वाचलं आणि पुढचं सगळं थांबवलं.

सव्वा वर्षाने ती किडनी माझ्याच टेबलावर आली. सुरी घातली तसं पाणी ट्रेमध्ये वाहून गेलं. आतली भिंत बोटाने चाचपली, तर जवळजवळ सगळीकडे अंड्याच्या कवचाआतल्या पापुद्र्यासारखी गुळगुळीत. एका पडद्याच्या मुळाशी मात्र तुरीच्या डाळीएवढा उंचवटा होता, पिवळाधमक. तो पिवळा रंग पेशींमधल्या चरबीचा. स्लाइड तयार करताना ती चरबी आणि ग्लायकोजेन धुऊन जातं, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली त्याच पेशी रिकाम्या, पाण्यासारख्या दिसतात. किडनीच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या कॅन्सरला 'क्लिअर सेल' हे नाव त्यावरूनच पडलं. बाकीच्या पडद्यांवर या पेशींची एकच ओळ होती, कांद्याच्या पातीवरच्या सालीइतकी पातळ. साठ मिली पाण्यात त्यातली एकही पेशी सुटून आली नव्हती.

म्हणून सांगते, ठोस गाठीत सुईची बायोप्सी फार भरवशाची असते. सिस्टमध्ये तो भरवसा राहत नाही. पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर ती बातमी पक्की धरायची, पण सापडल्या नाहीत तर आपण होतो तिथेच. आत ठोस गोळा असेल आणि नेमकी त्याचीच बायोप्सी घेता आली तर गोष्ट वेगळी. पण तो गोळा कुठे आहे हे सुईला दाखवायला सोनोग्राफी किंवा सीटी लागणारच. म्हणजे अण्णा ज्याच्यापासून पळताहेत तिथेच परत आलो.

अकलूजची_लेक

ताई, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. संध्याकाळी ती अर्धी भाकरी जेवली. तुम्हाला हे सांगावंसं वाटलं.

पोहऱ्याचं उदाहरण अण्णांना पटलं. पण डायची भीती तशीच आहे.

शेतकरी_पोरगा

आमच्या तालुक्यात एक जण किडनीचा काढा देतात, मुतखडा पडतो त्याने. गाठीवर चालेल का माहीत नाही, पण पत्ता हवा असेल तर मला निरोप पाठवा.

राखाडी_छटा

दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण ईजीएफआर २७ असलेल्या माणसाला घटक माहीत नसलेलं काहीही देऊ नका, ही हात जोडून विनंती. गुडघेदुखीच्या गोळ्यासुद्धा परस्पर नकोत. उरलेली किडनी सांभाळणं हे अण्णांच्या बाबतीत गाठीइतकंच महत्त्वाचं आहे.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. 'स्कॅनशिवाय' या शब्दावर आधी बोलतो.

किडनीतल्या सिस्टला डॉक्टर जो नंबर देतात, तो न्यूयॉर्कचे रेडिओलॉजिस्ट मॉर्टन बॉस्निअक यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या वर्गवारीतला. १ आणि २ म्हणजे निरुपद्रवी. पुढे त्यात '२ एफ' आला, यातला एफ म्हणजे फॉलोअप, लक्ष ठेवायचं. ३ म्हणजे जाड किंवा वेडेवाकडे पडदे, भिंतीत रक्तपुरवठा. यातल्या साधारण निम्म्या गाठी कॅन्सरच्या निघतात. ४ मध्ये भिंतीला लागून रक्तपुरवठा असलेला ठोस गोळा असतो, तिथे दहातल्या नऊ. २०१९ च्या सुधारणेत एमआरआयचाही रीतसर समावेश झाला. हे सगळं एका गोष्टीभोवती फिरतं: भिंतीत आणि पडद्यात रक्त खेळतंय का. मेलेल्या, साकळलेल्या, नुसत्या गढूळ गोष्टीत रक्त खेळत नाही. वाढणाऱ्या पेशींना ते लागतंच.

सीटीवर घनता मोजायचं एकक म्हणजे हाउन्सफिल्ड. पाणी शून्य. साध्या सिस्टमधलं पाणी २० च्या आत असतं. जुनं रक्त साकळलं असेल तर आकडा ७० च्याही वर जाऊ शकतो, आणि नुसतं बघून ते ठोस गाठीसारखं वाटतं. म्हणून आम्ही आधी साधा सीटी काढतो, मग कॉन्ट्रास्ट देऊन पुन्हा, आणि त्याच जागेचा आकडा किती चढला ते बघतो. २० किंवा जास्त चढला तर तिथे रक्तपुरवठा आहे. नुसत्या साध्या सीटीवर हा हिशेब मांडताच येत नाही.

सोनोग्राफीने अण्णांचं काम निम्मं केलंय, पडदे आहेत हे दाखवलं. ते पडदे जिवंत आहेत का, हे साध्या सोनोग्राफीला सांगता येत नाही.

भीतीबद्दल. अण्णांच्या सोबत्याचं जे झालं ते खोटं नाही म्हणणार मी. पण आजारी, तापाने फणफणलेल्या, आधीच किडनी खाली चाललेल्या माणसात त्यानंतर जे घडतं त्याचं सगळं खापर पूर्वी डायवर फुटायचं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या आणि किडनीविषयक संस्थेने मिळून सांगितलं की हा धोका आपण वाजवीपेक्षा मोठा मानत होतो. ईजीएफआर ३० च्या खाली तो खरा असू शकतो, तिथे आधी सलाइन देऊन, जपून करतात. अण्णा २७ वर आहेत, म्हणजे भीती अगदीच निराधार नाही. पण त्यांच्यासाठी आणखी दोन दरवाजे उघडे आहेत.

पहिला, कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी. शिरेतून सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे बुडबुडे देतात, रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षाही लहान. ते रक्तवाहिन्यांतच राहतात, पडद्यात रक्त खेळत असेल तर पडदा उजळतो. वायू श्वासावाटे बाहेर पडतो, किडनीवर त्याचा भार नाही. अण्णांना मशीनच्या बोगद्यात जायचं नसेल तर याला बोगदाही नाही. हे सगळीकडे होत नाही, मोठ्या शहरात विचारावं लागेल. आणि कधीकधी ते इतकं बारीक दाखवतं की गाठीचा नंबर आहे त्यापेक्षा वरचा वाटतो. दुसरा, एमआरआय. त्यात कॉन्ट्रास्ट म्हणून देतात त्या गॅडोलिनियमची पूर्वी जास्त भीती होती, किडनीच्या रुग्णांत त्वचा कडक होण्याचा एक आजार दिसला होता. आता ज्यांना 'ग्रुप २' म्हणतात त्या औषधांत तो धोका अतिशय कमी आहे.

जाता जाता: अण्णा साखरेसाठी मेटफॉर्मिन घेतात का? ईजीएफआर ३० च्या खाली ते देत नाहीत. स्कॅन करा न करा, हे उद्याच डॉक्टरांना विचारा.

घाटमाथा

राखाडी_छटा म्हणताहेत ते अगदी खरं आहे. माझ्या मामांना एका सेंटरवर 'क्रिएटिनिन जास्त आहे' म्हणून कॉन्ट्रास्ट न देता नुसता सीटी काढून दिला. पाच हजार गेले आणि रिपोर्टात शेवटी लिहिलं, 'कॉन्ट्रास्टने तपासणी करावी'. मामांनी दोन महिने तोच कागद 'सीटी झाला' म्हणून सगळ्यांना दाखवला.

मिरजकर_काका

मी निवृत्त सर्जन. या धाग्यावरचा प्रश्न वाचून पन्नास वर्षं मागे गेलो, कारण सीटी येण्याआधी आम्ही हेच करत होतो, अण्णा म्हणताहेत तेच. आयव्हीपीच्या, म्हणजे शिरेतून डाय देऊन काढलेल्या किडनीच्या एक्सरेच्या फिल्मवर किडनीचा एक कोपरा फुगलेला दिसायचा. मग पालथं झोपवून कमरेतून लांब सुई. सिरिंजमध्ये निवळ, गवती रंगाचं पाणी आलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा. रक्ताळ आलं की गप्प. पाणी लॅबला पाठवायचो, त्यातली चरबी, प्रोटीन आणि एलडीएच नावाचं एन्झाइम मोजायचो. चरबी जास्त म्हणजे संशय. मग त्याच सुईतून डाय आणि हवा भरून एक्सरे काढायचो, भिंत आतून खडबडीत आहे का बघायला. म्हणजे 'स्कॅनशिवाय' तेव्हाही नव्हतंच, चित्र लागायचंच.

आणि एवढं करूनही फसायचो. निवळ पाण्याच्या सिस्टमध्ये कॅन्सर निघालेला मी पाहिलाय. रक्ताळ पाण्याची किडनी अख्खी काढली आणि आत नुसता जुना रक्तस्राव, हेही पाहिलंय. ती किडनी एका तरुण गवंड्याची होती. तो माणूस बरा होऊन घरी गेला, पण ती निष्कारण गेलेली किडनी मला अजून आठवते. आजच्या मुलांच्या हातात जे आहे ते आमच्या हातात असतं तर, असं फार वाटतं. अण्णांना माझा निरोप सांगा: सुई कमी त्रासाची आणि मशीन भयंकर, हा समज उलटा करा.

माणदेशी

काकांच्या सुईवरून लिहितोय. आम्ही मेंढरंवाले. थोरल्या भावाच्या उजव्या किडनीत मोठी पडदेवाली गाठ निघाली, आतल्या पिशवीत बारक्या पिशव्या. आधी एकानं सुई घालून रिकामी करू म्हणलं. दुसऱ्या डॉक्टरानं फोटो बघून पहिला प्रश्न केला, "घरी कुत्री किती? मेंढरं घरीच कापता का?" आमच्यात कापल्यावर खराब निघालेलं काळीज कुत्र्यापुढं टाकायची पद्धत होती. ते म्हणले, ही जंताची गाठ असू शकते, हायडॅटिड. सुई घालून पाणी आत सांडलं तर अंगावर उठून माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. रक्ताची एलायझा, म्हणजे त्या जंताची रक्तचाचणी केली, पॉझिटिव्ह आली. आल्बेंडाझोलच्या गोळ्या सुरू केल्या, मग ऑपरेशन. भाऊ आता चांगला आहे. आता आम्ही काळीज पुरतो.

काचपट्टी

माणदेशी, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. 'स्कॅनशिवाय रक्तातून कळणारं' असं या विषयात जवळजवळ हे एकच आहे, आणि तेही कॅन्सर नाही म्हणून. हायडॅटिड बहुधा यकृतात, मग फुफ्फुसात. किडनीत शंभरातले दोन-तीन. क्वचित गाठ लघवीच्या वाटेत फुटते आणि लघवीतून द्राक्षाच्या सालींसारखे तुकडे पडतात. तो रुग्ण स्वतःच निदान घेऊन येतो म्हणायचं. मात्र एलायझा निगेटिव्ह आली म्हणून हायडॅटिड नाहीच असंही होत नाही. सुई घालण्याआधी मेंढरं, कुत्री, गाव विचारलंच पाहिजे. अकलूजकर, तुमच्याकडे?

अकलूजची_लेक

नाही ताई, दोन म्हशी आहेत फक्त. पण डॉक्टरांना सांगेन.

पेशीवेध

मी पुण्यात कॅन्सर बायोलॉजीत पीएचडी करतेय, म्हणून प्रयोगशाळेच्या बाजूने थोडं. लघवीतून किडनीचा कॅन्सर ओळखायचे प्रयत्न खरोखर चालू आहेत. अमेरिकेत सेंट लुइसच्या गटाने अ‍ॅक्वापोरिन-१ आणि पेरिलिपिन-२ ही दोन प्रथिनं लघवीत मोजून चांगले निकाल दाखवले होते. रक्तातल्या किम-१ या प्रथिनावरही काम सुरू आहे. गाठीतून रक्तात सुटणारा डीएनए पकडायची जी नवी पद्धत आहे, तिला मात्र किडनी फार अवघड जाते, कारण किडनीच्या गाठी रक्तात तुलनेने फार कमी डीएनए सोडतात.

आता अण्णांच्या दृष्टीने बघा. असे अभ्यास मुख्यतः ठोस गाठींवर झालेत, जिथे पेशी कोट्यवधी असतात. पडद्यावर पेशींची एकच ओळ असलेल्या सिस्टमधून रक्तात किंवा लघवीत किती उतरणार? म्हणजे जिथे अशा चाचणीची सगळ्यात जास्त गरज आहे, नेमकी तिथेच ती लंगडी पडण्याची शक्यता जास्त. हे सुटावं म्हणूनच आम्ही खपतोय. आज कुणी 'लघवीतून किडनीचा कॅन्सर ओळखतो' म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

कृष्णाकाठ

एक भर. माझ्या जावेच्या माहेरी व्हीएचएल नावाचा आजार आहे, पिढीजात. त्यांच्यात किडनीच्या गाठी, डोळ्याच्या पडद्यावर गाठी, मेंदूत गाठी. तिथे रक्ताची जीन तपासणी करतात. पण ती कुणाला धोका आहे ते सांगते, अमुक गाठ कॅन्सरची आहे का ते नाही. त्यासाठी तिच्या भावाला दरवर्षी एमआरआय असतोच. घरात कुणाला कमी वयात किडनीचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

आणि डायलिसिसवर बरीच वर्षं असलेल्यांच्या आक्रसलेल्या किडनीत सिस्ट होतात, त्यात कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. वडिलांच्या वेळी हे आम्हाला उशिरा कळलं.

अकलूजची_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

मेटफॉर्मिन अण्णांना खरंच चालू होतं. नेफ्रॉलॉजिस्टने (किडनीच्या डॉक्टरांनी) ते त्याच दिवशी बंद केलं, दुसरी गोळी दिली. राखाडी_छटा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

मिरजकर काकांचा निरोप मी शब्दन् शब्द वाचून दाखवला. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या गवंड्याचं काय वय असंल?" दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, चल पुण्याला. जाताना एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि इंदापूरपर्यंत त्याच्याशी गप्पा मारत होते.

आधी कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी झाली. अण्णांनी मान वळवून स्क्रीन बघितला. काळ्या गाठीत पांढरे ठिपके पडद्याच्या रेषेवरून सरकत गेले, सुगीच्या दिवसांत रात्री रस्त्यावरून गाड्या जाव्यात तसे. हे शब्द अण्णांचे. म्हणजे पडद्यात रक्त खेळतंय. मग नेफ्रॉलॉजिस्टच्या परवानगीने ग्रुप २ चं औषध देऊन एमआरआय. बॉस्निअक ३. ठोस गोळा कुठे नाही.

युरॉलॉजिस्टने (किडनी-मूत्रमार्गाच्या सर्जननी) अर्धा तास दिला. म्हणाले, कॅन्सर असेल किंवा नसेल, निम्मी-निम्मी शक्यता. नक्की कळायचं तर गाठ काढून पॅथॉलॉजिस्टकडे द्यावी लागेल. पण अण्णांची किडनी आधीच थकलेली, गाठीसोबत थोडी चांगली किडनीही जाणार. म्हणून लक्ष ठेवणं हाही धरून चालण्यासारखा पर्याय आहे असं ते म्हणाले. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय. गाठ बदलली तर तेव्हा काढू.

अण्णांनी हेच निवडलं. मला मात्र रात्री झोप लागत नाही. शरीरात निम्मा कॅन्सर ठेवून बसायचं कसं? काचपट्टी ताई, यात काही चुकतंय का?

काचपट्टी

निम्मा कॅन्सर ठेवलेला नाही तुम्ही. हे आधी नीट मनात घ्या. एक तर तो आहे किंवा नाही, आणि असला तरी सिस्टमधला कॅन्सर ठोस गाठीपेक्षा बहुतेक वेळा संथ असतो. यातल्या एका प्रकारात पातळ पडदे आणि त्यावर क्लिअर पेशींची विरळ ओळ, एवढंच असतं. त्याला आम्ही पूर्वी सरळ 'कार्सिनोमा' लिहायचो. तो पसरत नाही, परत उगवत नाही, हे इतक्यांदा दिसलं की २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याच्या नावातून कार्सिनोमा हा शब्दच काढला. कॅन्सर म्हणून ज्यांच्या किडन्या काढल्या, त्यातल्या कितींना त्या एका शब्दाने वर्षानुवर्षं धास्तावून ठेवलं असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

अण्णांची गाठ त्यातलीच आहे असं मी म्हणत नाही, ते काचपट्टी बघितल्याशिवाय कुणालाच म्हणता येणार नाही. पण ६८ वय, ईजीएफआर २७ आणि ठोस गोळा नाही, यात सहा महिने थांबणं हा निष्काळजीपणा नाही. तारीख मात्र चुकवायची नाही. मधे लघवीतून रक्त गेलं, कमरेत सतत दुखायला लागलं, विनाकारण वजन उतरलं, तर तारखेची वाट बघू नका.

अकलूजची_लेक

तारीख चुकणार नाही. पुढच्या वेळी नेताना काय काय न्यायचं?

राखाडी_छटा

रिपोर्टाचा कागद नव्हे, एमआरआयची सीडी आणि कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीच्या क्लिप न्या. पुढचा एमआरआय जमलं तर त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा. पडदा दोन मिलिमीटरचा तीन झाला का, हे कागदावरच्या वाक्यातून कळत नाही, दोन्ही चित्रं शेजारी ठेवावी लागतात. आणि ईजीएफआर आधल्या आठवड्यातलाच हवा, जुना चालणार नाही.

अकलूजची_लेक

सीडी अण्णांनी कपाटात सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवलीय. पाकिटावर त्यांच्याच अक्षरात तारीख लिहिलीय, पुढच्या एमआरआयचीसुद्धा.